वाचणारा वेगळा, अर्ज करणारा वेगळा : हिंगण्यातल्या एका कारखान्याच्या चार रिकाम्या जागा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना. शीट मेटल आणि मशीनिंगचे काम. ट्रॅक्टरचे आणि शेतीअवजारांचे सुटे भाग, शिवाय इलेक्ट्रिकल पॅनेलच्या पेट्या. कंत्राटी धरून साठेक माणसे. एका दिवाळीनंतर पंधरवड्याच्या आत चार माणसे गेली. दोन व्हीएमसी (धातू कापणारे संगणकचलित मशीन) ऑपरेटर बोनस हातात पडल्यावर पुण्याजवळच्या चाकणला गेले, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन निवृत्त झाला आणि अकाउंट असिस्टंट लग्न करून रायपूरला गेली.

कारखाना ज्यांनी उभा केला ते मोठे साहेब म्हणाले, पेपरात जाहिरात द्या. आता कारभार पाहणारा त्यांचा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणतात, तो म्हणाला की पेपर आता कोण वाचतो, मोबाइलवर टाका. दोघांनी आपापले केले. त्यामुळे एकाच वेळी, त्याच जागांसाठी दोन्ही वाटा कशा चालतात हे पाहायची संधी मिळाली. अशा लहान कारखान्यांना माणसे नेमण्याबाबत सल्ला देणे हा माझा व्यवसाय आहे. कारखान्याच्या संमतीने हे लिहीत आहे, नावे मात्र त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

आधी कसे चालायचे

पद्धत वर्षानुवर्षांची होती. गुरुवारी सीताबर्डीवरच्या जाहिरात एजंटला फोन जायचा, रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींत मजकूर यायचा. छोटी जाहिरात शब्दांवर, चौकटीची जाहिरात चौरस सेंटिमीटरवर. शब्दाला पैसे पडत असल्यामुळे भाषा आटून आटून इतकी झाली होती: ‘पाहिजेत. व्हीएमसी ऑपरेटर २, मेंट. इलेक्ट्रि. १. आयटीआय, अनुभवी. सोम. ते बुध. ११ ते ४ मूळ कागदपत्रांसह भेटा.’ खाली कारखान्याचे नाव आणि प्लॉट नंबर. एजंटाचे कमिशन वृत्तपत्राकडून, साधारण पंधरा टक्के.

कोणत्या पेपरात द्यायचे हेही ठरलेले होते, आणि हे खास नागपूरचे गणित आहे. मशीनवरचा माणूस हवा तर मराठी दैनिक. ड्रायव्हर किंवा माल चढवणारे हवेत तर हिंदी, कारण वाडीचे ट्रान्सपोर्ट, कळमना आणि इतवारीचा बाजार हा सगळा व्यवहार हिंदीत चालतो. इंग्रजीत पत्र लिहिणारा कारकून किंवा इंजिनिअर हवा तर ‘हितवाद’. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ मध्ये सुरू केलेले हे पत्र आजही इथूनच निघते. ‘लोकमत’चे नागपूरचे दैनिक १९७१ चे, ‘तरुण भारत’ आणि ‘नवभारत’ त्याच्याही आधीचे. एका शहरात तीन भाषांचे एवढे घट्ट वाचक असल्यामुळे कुठला पेपर निवडला यातच अर्धी निवड होऊन जायची. पोर्टलवरच्या कुठल्याही फिल्टरला हे अजून नीट जमलेले नाही.

सोमवारी सकाळी गेटवर माणसे उभी असायची. सुरक्षारक्षकाच्या वहीत नाव, गाव, कोणत्या जागेसाठी, एवढे लिहून आत सोडायचे. जो माणूस कागदपत्रांची पिशवी घेऊन, बस किंवा शेअर ऑटो बदलत हिंगण्यापर्यंत आला, त्याला काम हवे होते हे वेगळे विचारावे लागत नसे. मालकाने जाहिरातीला पैसे मोजलेले, उमेदवाराने दिवस मोडलेला. दोन्ही बाजूंचा हा खर्च म्हणजेच चाळणी होती, पण ती चालू होती तोवर कोणाच्या ती लक्षात आली नाही.

या प्रकरणाच्या निमित्ताने कारखान्यातल्या जुन्या लोकांना मी एकच प्रश्न विचारला: तुम्ही इथे कसे लागलात? उत्तरे ऐकण्यासारखी होती. ‘मामांनी सांगितलं.’ ‘सासऱ्यांनी कात्रण पाठवलं, भंडाऱ्याहून.’ ‘आमच्या मोहल्ल्यात कटिंगच्या दुकानात पेपर यायचा, दुकानवाला म्हणाला, तुझ्या लाइनचं आलं आहे बघ.’ एका टर्नरचे तर वडील वाचनालयात रोज बसत आणि नोकऱ्यांचे पान गुपचूप फाडून आणत. वाचनालयाच्या त्या पानाचा इतर वाचकांनी कसा शोक केला असेल ते वेगळेच. मुद्दा असा, की ज्याला नोकरी लागली त्याने जाहिरात स्वतः वाचली होती असे क्वचितच निघाले. जाहिरात वाचणारा एक होता आणि अर्ज करणारा दुसरा. ‘पाहिजेत’चे पान ज्यांना काम नको होते अशा लोकांकडून वाचले जायचे, आणि तेच ते योग्य माणसाच्या दारात नेऊन टाकायचे.

नोकरी डॉट कॉमची मूळ कल्पनाही नेमकी याच सवयीतून आली. संजीव बिखचंदानी नोकरीत असताना त्यांच्या ऑफिसात ‘बिझनेस इंडिया’चा अंक आला की सहकारी तो मागून उघडत, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती मागे असत. यातले बहुतेक नोकरी शोधत नव्हते. १९९७ मध्ये त्यांनी संकेतस्थळ सुरू केले तेव्हा त्यावरच्या पहिल्या नोकऱ्या वर्तमानपत्रांतूनच उतरवून घेतलेल्या होत्या. आईचे दूध पिऊनच हे बाळ वाढले, म्हणा. २००६ मध्ये त्यांची इन्फो एज ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. पण गंमत अशी की मागून अंक उघडणाऱ्या, काम न शोधणाऱ्या वाचकाला बघून जी कल्पना सुचली, तिने पुढे फक्त शोधणाऱ्याचीच सोय केली.

मोबाइलवर काय झाले

दादाने एका मोठ्या पोर्टलवर आणि कामगारवर्गासाठी असलेल्या दोन ॲपवर तिन्ही प्रकारच्या जागा टाकल्या. नोकरीची पोर्टले फार आधीची. पण आयटीआयचा मुलगा त्यांच्यावर आला तो २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यानंतर. ‘वर्कइंडिया’, ‘अपना’ ही ॲप याच वर्गासाठी आहेत. ‘अपना’ २०१९ चे. त्यानंतर लगेच कोविड आला. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावर काही काळ बंदी घातली आणि कित्येक घरांत पेपर बंद झाला तो पुन्हा सुरूच झाला नाही. दादाच्या घरी तसेच झाले होते. मोठे साहेब त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, त्यांच्याकडे अजूनही दोन पेपर येतात.

अकाउंट असिस्टंटच्या जागेसाठी दोन दिवसांत शेकड्याने अर्ज आले. व्हीएमसीसाठी पन्नासच्या आसपास, त्यातल्या बहुतेकांनी मशीन फक्त आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पाहिलेले. इलेक्ट्रिशियनसाठी जेमतेम पाच-सहा, त्यातही वायरमनचा परवाना असलेला एकही नाही.

हे सगळे हाताळायचे होते कारखान्याच्या मॅडमनी. त्या मुळात अकाउंट्सच्या. एचआर हे काम त्यांच्याकडे ‘तुम्हीच बघून घ्या’ या वाक्यातून आलेले. सकाळी जीएसटीचे काम आणि दुपारी फोन, असे सुरू झाले. निम्मे लोक अनोळखी नंबर उचलतच नाहीत. उचलतात ते ‘हो मॅडम, येतो उद्या’ म्हणतात आणि येत नाहीत. एकाने अर्ज केल्याचेच त्याला आठवत नव्हते. ‘कोणती कंपनी जी? मी तर बऱ्याच ठिकाणी टाकून ठेवलं आहे.’ त्याचा तरी काय दोष. अर्ज करायला अंगठा एकदा टेकवावा लागतो, आणि जी गोष्ट इतक्या सहज होते ती लक्षात राहत नाही. एका मुलीने घरून काम करता येईल का विचारले. बालाघाट, छिंदवाड्याकडची मुलेही होती. ती यायला तयार होती पण राहायची सोय मागत होती, जी मागणी रास्तच होती.

मॅडमनी सांगितलेला एक फोन मात्र मी वहीत लिहून ठेवला. व्हीएमसीसाठी अर्ज केलेला वर्धेकडचा मुलगा. सगळे बोलणे नीट झाले, कधी यायचे ते ठरले, आणि शेवटी त्याने विचारले, ‘मॅडम, किती भरावे लागतील?’ मॅडमना आधी कळेचना. मग उलगडले. आधी दोन ठिकाणी त्याच्याकडून ‘रजिस्ट्रेशन’ आणि ‘ट्रेनिंग किट’च्या नावाखाली पैसे घेतले होते आणि नंतर नंबर बंद. नोकरी म्हटली की आधी भरायचे, असाच त्याचा समज झाला होता. खरा मालक नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि असे कोणी मागितले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. तो मुलगा आला नाही. बहुधा पैसे मागितले नाहीत म्हणूनच त्याला संशय आला असावा, असे मॅडमचे म्हणणे.

अकाउंट असिस्टंटच्या मुलाखतीला एका उमेदवार मुलीबरोबर तिचे वडील आले. आत बसले नाहीत. गेटवर रक्षकाशी बोलले, कंपनीची पाटी पाहिली, बाजूच्या टपरीवर चौकशी केली, मग मुलीला आत पाठवले. छापील जाहिरातीत नाव-पत्ता आला की ही चौकशी लोक पेपरावर सोपवून मोकळे होत. खरे म्हणजे तो विश्वासही थोडा भाबडाच होता. जाहिरातीतल्या दाव्यांची खातरजमा वाचकांनी करावी, अशी चौकट त्याच पानाच्या तळाशी बारीक टायपात असतेच. तरीही पैसे देऊन, पावती घेऊन, पत्ता सांगून कोणीतरी ती छापलेली असे. फसवणाऱ्याला ते महाग पडे.

पेपरवाल्या जाहिरातीचे काय झाले

मोठ्या साहेबांची जाहिरात रविवारी आली. सोमवारी गेटवर तिघे आले. त्यातला एक कॅन्टीनचे कंत्राट मागायला आला होता. फोन मात्र दिवसभर वाजत राहिला: प्लेसमेंट एजन्सीचे दोन-तीन, ‘आमच्याकडून माणसं घ्या साहेब’ म्हणणारे, एक विमा एजंट, आणि एका ऑनलाइन पोर्टलची विक्री प्रतिनिधी, जिने पेपरातली जाहिरात पाहून पेपरात जाहिरात देणे कसे कालबाह्य आहे ते सांगितले. दादाने ते सगळे मोठ्या साहेबांना मुद्दाम ऐकवले.

इथेच प्रकरण संपले असते तर निकाल सोपा होता. अमेरिकेत तो तसाच लागला. तिथल्या वृत्तपत्रांना २००० साली नोकरीच्या जाहिरातींतून सुमारे ८७० कोटी डॉलर मिळाले होते. दहा वर्षांत तो आकडा १०० कोटींच्याही खाली गेला. छोट्या जाहिरातींच्या एकट्या क्रेग्सलिस्ट या संकेतस्थळामुळे २००० ते २००७ या काळात छोट्या जाहिराती देणाऱ्यांचे सुमारे ५०० कोटी डॉलर वाचले, असा दोन अभ्यासकांचा हिशेब आहे. वाचले म्हणजे तेवढे वृत्तपत्रांचे गेले.

पण दुसऱ्या आठवड्यात एक माणूस गेटवर आला. बुटीबोरीत एका कारखान्यात मेंटेनन्सला, अनुभव भरपूर, वायरमनचा परवाना खिशात. त्याचे कोणत्याही ॲपवर खाते नव्हते. तो नोकरी शोधत नव्हता. राहायला जयताळ्याला, रोजची बुटीबोरीची ये-जा त्याला नको झाली होती एवढेच. त्याने मोबाइल काढून दाखवला, त्यावर मोठ्या साहेबांच्या जाहिरातीच्या कात्रणाचा फोटो होता. कोणीतरी पेपर वाचला, पेनाने गोल केला, फोटो काढला, इलेक्ट्रिकल ठेकेदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला; तिथून तो त्याच्या मेव्हण्याकडे, मेव्हण्याकडून त्याच्याकडे.

मॅडमनी विचारले, हीच जागा आम्ही ॲपवरही टाकली होती, तिथे का नाही पाहिली?

‘ॲपवर कोणीबी काहीबी टाकून राहिलं जी. हे पेपरात आलेलं, पत्त्यासकट. म्हणून आलो.’

त्याची नेमणूक झाली.

दादाचे म्हणणे, हा योगायोग. मला तसे वाटत नाही. तीन जागांचे बाजार तीन वेगळे आहेत. अकाउंट असिस्टंट होऊ इच्छिणारी माणसे शहरात भरपूर आहेत, ती शोधत आहेत आणि स्क्रीनवर सहज वावरतात. तिथे पोर्टलला तोड नाही. परवानाधारक, अनुभवी इलेक्ट्रिशियन शोधत नसतो. त्याच्यापर्यंत कोणीतरी तिसऱ्याने जावे लागते, आणि पोर्टलच्या रचनेत या तिसऱ्याला जागाच नाही. जाहिरात ज्याने ‘इलेक्ट्रिशियन’ असे टाइप केले त्यालाच दिसणार. कटिंगच्या दुकानातल्या मालकाला ती दिसणार नाही, मामांना दिसणार नाही. व्हॉट्सॲपने तो तिसरा माणूस परत आणला, पण पुढे ढकलण्याआधी त्याला हातात काहीतरी भरवशाचे हवे असते. या वेळी ते कात्रण होते.

एजंटाकडे

सीताबर्डीवरच्या त्या एजंटाला भेटलो. दुकान तेच आहे, टेबले कमी झाली आहेत. एकेकाळी गुरुवार-शुक्रवारी दोन मुले फक्त ‘पाहिजेत’चे मजकूर लिहून घेत. नोकऱ्या गेल्या, मग विवाहविषयक गेल्या, मग घर-प्लॉटच्याही बऱ्याच गेल्या. उरले काय? नावात बदल, हरवलेली कागदपत्रे, वकिलांच्या जाहीर सूचना, निविदा, श्रद्धांजली आणि पुण्यस्मरण. ‘नोकरी आणि लग्न ऑनलाइन गेलं भाऊ, आमच्याकडं तेरवी राहिली,’ असे ते हसत म्हणाले.

नोकऱ्यांपैकी जे अजून छापून येते ते बहुतांशी कायद्यामुळे. खासगी शाळांतल्या नेमणुकांसाठी १९८१ च्या नियमावलीत वृत्तपत्रात जाहिरात देण्याची अट आहे. शाळांचे हे गिऱ्हाईक विदर्भातल्या वृत्तपत्रांना वर्षानुवर्षे पुरले. २०१७ मध्ये राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलचा निर्णय झाला आणि शिक्षकभरतीचा मोठा भाग तिकडे वळला. तरी जून-जुलैत तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसाठी महाविद्यालयांच्या जाहिराती येतातच. सरकारी भरतीत फक्त रोजगार विनिमय केंद्राने पाठवलेली नावे घेऊन भागणार नाही, जागा वृत्तपत्रातही जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले होते. म्हणजे छापील जाहिरात आता माणूस मिळवण्यापेक्षा फाइलला लावण्यासाठी जास्त दिली जाते. एजंट हे ओळखून आहेत. अंकाच्या दोन प्रती ते बिलाबरोबर न मागता पाठवतात.

आमच्या कारखान्याचा रोजगार केंद्राशी संबंध तेवढाच. रिकाम्या जागा कळवण्याच्या कायद्यापोटी मॅडम ईआर-१ हे माणसांचे आणि रिकाम्या जागांचे विवरण सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर भरत आल्या. तिथून माणूस घेता येतो, हे कारखान्यात कोणाच्या डोक्यातही येत नाही.

मग काय केले

जाहिरातींचे काम मॅडमच्या हाताला झेपेल असे करायचे होते. अकाउंट असिस्टंटची जागा पोर्टलवरच ठेवली, पण अर्जाच्या सुरुवातीला तीन प्रश्न टाकले: घर कोणत्या भागात, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर शेवटचे काम कोणते केले, आणि सध्याचा पगार. एका ओळीचे उत्तर लिहावे लागल्याबरोबर अर्ज दहाव्या हिश्श्यावर आले. उरलेल्यांना फोन न करता एकच निरोप पाठवला, ठरलेल्या दोन दिवसांत केव्हाही या, सोबत गुगल मॅपवरचे ठिकाण आणि गेटचा फोटो. शिवाय एक वाक्य: ‘नोकरीसाठी कोणतेही पैसे घेतले जात नाहीत.’ या वाक्याचा उपयोग झाला असे मॅडम ठामपणे सांगतात. आलेल्यांना संगणकासमोर बसवून खरेदीची पाच बिले टॅलीत चढवायला दिली. त्रिमूर्तीनगरची एक मुलगी त्यात पुढे निघाली; हिंगणा रोडवर मेट्रोने लोकमान्यनगरपर्यंत येते. वडिलांसह आलेली मुलगी दुसऱ्या क्रमांकावर होती, तिचे नाव वहीत ठेवले आहे.

पोर्टलची जाहिरात फुकट असते, हे दादाचे आवडते वाक्य. मॅडमचे त्या पंधरवड्यातले दुपारचे तास हिशेबात धरले तर ते वाक्य टिकत नाही. पूर्वी चाळणीचा खर्च जाहिरातीच्या बिलात असायचा, आता तो पगारपत्रकात लपतो. त्याच तासांत मॅडमचे मूळ काम मागे पडले आणि जीएसटीचे विवरण शेवटच्या दिवशी रात्री गेले, हे दादाला माहीत नव्हते. मोठ्या साहेबांना होते.

ठरले ते असे. कारकुनी जागा पोर्टलवर. अनुभवी, परवाना लागणारी जागा असेल तर लहान छापील जाहिरात, आणि ती आली की तिचा स्वच्छ फोटो कारखान्यातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर, पुढे पाठवा म्हणून. ज्याने पाठवलेला माणूस सहा महिने टिकेल त्याला बक्षीस. पाठवणाऱ्याचे नाव सुरक्षारक्षकाच्या वहीत लिहायचे. त्यासाठी वहीत एक रकाना वाढवला.

व्हीएमसीच्या दोन जागांपैकी एक ॲपवरून भरली. मुलगा चांगला आहे, हिंगणा गावातलाच. दुसऱ्या जागेसाठी श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयशी बोलणे केले. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि कारखाना ती अट आजवर कागदापुरतीच पाळत आला होता. आता दोन अप्रेंटिस मशीनवर शिकत आहेत.

ती दुसरी जागा या मजकुरापर्यंत रिकामीच आहे. पेपर, पोर्टल, ॲप, ग्रुप, सगळीकडे देऊन झाली. दोघे आले, पगार ऐकला आणि चाकणचा आकडा सांगून गेले. मी माझ्या अहवालात लिहिले आहे की ही जागा जाहिरातीचा प्रश्न नाही. दादाने तो परिच्छेद वाचला, खाली सही केली आणि ॲपवरच्या जाहिरातीची मुदत आणखी एक महिना वाढवली.